दुसऱ्या हाकेला ओ

ज्या खोलीत माझ्या वडिलांच्या काळापासून भाताची पोती रचली जात, त्या खोलीत २००९ सालच्या डिसेंबरात चार संगणक येऊन बसले. भिंती नव्याने रंगवल्या होत्या, तरी कोपऱ्यांतून तुसाचा वास येतच होता, आणि वीजतंत्र्याने टाकलेल्या तारांच्या बाजूने उंदरांनी आपला जुना रस्ता चालू ठेवला होता. खोली खर्डी स्टेशनाच्या पलीकडे, माझ्या घराला लागून आहे. ती भाड्याने घेतली होती वाल्मिक विशे यांनी. मुरबाडला त्यांचा संगणकवर्ग बरी सहा-सात वर्षे चांगला चालला होता, आणि आता त्यांना खर्डीला शाखा काढायची होती. जागा मिळाली, संगणक आले, पाटी रंगवून झाली. शिकवणार कोण, एवढेच ठरायचे होते.

सरस्वती हरड ही मुलगी त्यांच्याच मुरबाडच्या वर्गात शिकली होती. तिचे घर सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत. इकडे खर्डीला ती मावशीकडे उतरली होती. नव्या वर्षापासून भिवंडीच्या एका गोदामात पॅकिंगच्या कामावर जायचे, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. तिथे एका ओळखीच्या माणसाने जागा धरून ठेवली होती आणि गोदामाची बस मावशीच्या दारावरूनच जात असे. गोदामातले काम कमी प्रतीचे असते असे मी म्हणत नाही. जे म्हणतात त्यांनी ते करून पाहावे. परंतु तिला शिकवायचे होते. खर्डीचा वर्ग मिळाला तर ती शिकवणार होती, न मिळाला तर बस दारात उभी राहणार होती, आणि या दोहोंच्या मधली कोणतीही वाट तिच्यापुढे नव्हती.

वाल्मिकरावांच्या मनात मात्र कल्याणची कुणी एक अनुभवी शिक्षिका होती. त्यांनी सरस्वतीला नकार दिला नाही, अट घातली.

"रविवारी सकाळी तुला तीन कोरी माणसं देतो," ते म्हणाले. "कोडची एक ओळही न पाहिलेली. दुपारी लाइट जायच्या आत त्यांच्याकडून सर्व्हर लिहून घे. त्यांच्या हातून. तू कीबोर्डला बोट लावायचं नाहीस. त्यांचा सर्व्हर या बाकीच्या संगणकांना उत्तर देऊ लागला, तर वर्ग तुझा. नाही तर सोमवारी कल्याणच्या बाईंना फोन करतो."

"कोणत्या भाषेत लिहून घेऊ, सर?"

"ते तू ठरव."

"जावास्क्रिप्टमध्ये," ती तत्काळ म्हणाली.

वाल्मिकराव हसले. त्या हसण्याचे कारण मला नंतर कळले. जावास्क्रिप्ट ही भाषा तोवर पाहणाऱ्याच्या संगणकावर, त्याच्या ब्राउझरमध्ये चालणारी म्हणून ओळखली जात असे. पानावरचे बटण दाबले की रंग बदलावा, अर्जात रकाना रिकामा राहिला तर दटावावे, असली तिची कामे. पण त्याच वर्षी नोड नावाचे एक साधन निघाले होते, आणि त्याच्या जोरावर ही भाषा उत्तर देणाऱ्या बाजूच्या यंत्रावरही चालू लागली होती. वाल्मिकरावांच्या प्रणित नावाच्या पुतण्याने ते नवी मुंबईहून पेनड्राइव्हवर आणून या चारही संगणकांवर चढवून ठेवले होते. ते चालवून पाहिलेली खर्डी-मुरबाडातली बहुधा एकटी व्यक्ती म्हणजे सरस्वती.

तीन कोऱ्या माणसांपैकी पहिला मी. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेलो, संगणकाला स्पर्शही न केलेला. दुसऱ्या भागीरथीबाई, तानसाकडच्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीच्या सेविका. तिसरा सायनाथ, स्टेशनच्या स्टँडवर रिक्षा लावतो, आणि मोबाइलवर दोन्ही अंगठ्यांनी इतका झपाट्याने संदेश लिहितो की टंकनाचे काम आपोआप त्याच्याकडे आले.

रविवारी सकाळी आम्ही तिघे पहिल्या संगणकासमोर दाटीने बसलो. वाल्मिकराव दाराशी खुर्ची टाकून चहा घेत होते. सरस्वतीने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. बोट चुकूनही कळफलकाला लागू नये म्हणून असेल.

"आमच्या वाडीत," तिने सुरुवात केली, "अर्धी घरं ओढ्याच्या अलीकडे आणि अर्धी पलीकडे. मोबाइलला रेंज नाही. पलीकडच्या माणसाला बोलवायचं तर कुकारा द्यायचा. कूऽऽ करून. पलीकडे कुणीतरी ओट्यावर बसलेलं असतं, ते ऐकतं आणि ओ देतं. झालं. कुकारा देणारा म्हणजे ब्राउझर. ओ देणारा म्हणजे सर्व्हर."

"बस?" सायनाथने विचारले. "एवढ्यासाठी चार कम्प्युटर?"

"बस. बाकीचं सगळं यातूनच निघतं."

मग तिने ओळी सांगितल्या आणि सायनाथने त्या उमटवल्या. एक ओळ अशी, की संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे जे रीतिरिवाज आधीच कुणी लिहून ठेवले आहेत, ते आपल्या कामासाठी मागवून घ्यायचे. पुढच्या काही ओळींत, हाक आली तर काय करायचे ते. आणि शेवटची ओळ अशी, की अमुक क्रमांकाच्या दारात कान देऊन बस. मधल्या ओळींवर मी हरकत घेतली.

"हाक अजून आलेली नाही," मी म्हणालो. "कोण हाक मारणार आहे तेही ठाऊक नाही. मग उत्तर आत्ताच कसे लिहितो आहोत? आधी प्रश्न आणि मग उत्तर, असा क्रम सर्वत्र असतो."

"गुरुजी, तुम्ही लग्नाला गावाला जाता तेव्हा शेजारी सांगून जाता ना, दूधवाला आला तर पातेलं पुढं करा म्हणून?"

"जातो."

"तेव्हा दूधवाला आलेला असतो का?"

"नसतो."

"मग हे तेच आहे. हे उत्तर नाही, सांगून ठेवलेलं काम आहे. कुणी आलं तर यंत्र ते करील. कुणी आलंच नाही तर नुसतं बसून राहील."

मला हा खुलासा पटला, आणि पटला याचा थोडा रागही आला. मी माझे लक्ष कंसांकडे वळवले. या भाषेत उघडलेला प्रत्येक कंस मिटवावा लागतो, हे मला मनापासून आवडले. सायनाथ दोनदा कंस उघडाच टाकून पुढे गेला, आणि दोन्ही वेळा मी त्याला परत आणले.

"गुरुजी, तुमी माझ्या मागं ट्रॅफिक हवालदारासारखे लागलाव," तो म्हणाला.

"हवालदार तुला सोडतो. मी सोडणार नाही."

शेवटची ओळ झाली. उत्तर म्हणून एकच अक्षर पाठवायचे ठरले होते: ओ. सरस्वतीने सांगितले, सायनाथने कार्यक्रम चालू केला, आणि पडद्यावर काहीच झाले नाही. कार्यक्रम ज्या काळ्या चौकटीतून चालतो, तिच्यात काही उमटले नाही, काही हलले नाही.

"हँग झाला," सायनाथ म्हणाला.

"नाही. बसलाय. कान देऊन बसलाय. हाक मारा."

भागीरथीबाईंनी त्याच संगणकावरच्या ब्राउझरमध्ये, एकेक कळ शोधत, पत्ता घातला आणि बटण दाबले. पांढऱ्या स्वच्छ पानाच्या डाव्या कोपऱ्यात बारीकसे एक अक्षर उमटले. ओ.

त्या क्षणी खोलीत काय झाले ते सांगणे अवघड आहे. कुणी ओरडले नाही. भागीरथीबाईंनी पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेले आणि मागे घेतले. सायनाथने मांडीवर थाप मारली, ती माझ्या मांडीवर. माझे म्हणाल तर, आयुष्य दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये मुलांना समजावून देण्यात गेले. आपण लिहिलेले वाक्य आपल्याला उत्तर देते, हा अनुभव मला वयाच्या त्या टप्प्यावर प्रथमच आला. मी चष्मा पुसला आणि ते अक्षर पुन्हा वाचले. एकच अक्षर होते, तरी पुन्हा वाचले.

"परत मारू?" भागीरथीबाईंनी विचारले, आणि परवानगीची वाट न पाहता परत मारली. पुन्हा ओ. मग मात्र त्यांचे कपाळ आक्रसले.

"अगो सरस्वती, हा पयल्याच हाकेला ओ देतो."

"हो मग."

"असा कसा देतो? तुज्या वाडीला देतात काय पयल्या हाकेला ओ? रानातून हाक आली तर?"

"नाही देत," ती म्हणाली. "दुसरी येईपर्यंत थांबतात."

"का थांबतात?"

"रानातलं जे असतं, ते एकदाच हाक मारतं. माणूस परत मारतो."

"मंग? ह्या तारंतून कोण बोलवतंय ते ह्याला दिसतं काय? रानच हाय ते."

मी येथे वाद घालणार होतो. भूतपिशाच्च मी मानत नाही आणि ते न मानण्याची कारणे मला क्रमवार सांगता येतात. पण मी सरस्वतीकडे पाहिले आणि थांबलो. तिचे हात पाठीमागून सुटून पुढे आले होते, डोळे चमकत होते.

"ताई, आपण हे लिहू या," ती म्हणाली. "खरंच लिहू या. पहिल्या हाकेला गप्प बसायचं, दुसरीला ओ द्यायचा, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणजे पुढच्याला पुन्हा दोन हाका."

दारातून वाल्मिकराव म्हणाले, "सर्व्हर चालला होता. कशाला हात घालतेस?"

"सर, नुसतं ओ म्हणणं शिकून काय शिकणार? यात मोजणं येतं, अट येते."

"बघ बुवा. लाइट कुणाची वाट बघत नाही."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्या दिवसांत दुपारी वीज जाई, आणि ती ठरलेल्या वेळेच्या आधी गेली तरी विचारणार कोणाला? पण आम्ही तिघेही आता ऐकणाऱ्यातले राहिलो नव्हतो. सायनाथने मोजणीसाठी एक नाव ठेवले. त्या नावाखाली यंत्र आकडा लक्षात ठेवणार होते. हाक आली की आकडा एकाने वाढव. आकडा दोनापेक्षा कमी असेल तर काही न बोलता थांब. नसेल तर आकडा शून्य कर आणि ओ दे. भागीरथीबाई एकेक वाक्य मराठीतून बोलत, सरस्वती त्याला या भाषेचे रूप देई, सायनाथ ते उमटवी, आणि मी कंस मोजी. अशी चौघांची गाडी चालली, तिला कुठे धक्का बसला नाही.

आता दुसऱ्या संगणकावरून हाक मारायची होती. भागीरथीबाई तिथे जाऊन बसल्या. पहिली हाक: पान कोरे, वरचे चक्र गरगरत राहिले. "बसलाय गप्प," त्या समाधानाने म्हणाल्या. दुसरी हाक: ओ.

"बघा. आता शाना झाला."

सायनाथ तिसऱ्या संगणकावर गेला. त्याने पत्ता घातला, बटण दाबले, आणि पान लागलीच भरले. ओ.

तो आमच्याकडे बघत राहिला. "मी एकदाच मारली."

"दोनदा दाबलं असशील," मी म्हणालो.

"गुरुजी, देवाशप्पथ एकदा."

"ह्याला कसा दिला पयल्या हाकेला?" भागीरथीबाई म्हणाल्या. "सायनाथ, तू स्टँडवर इतका कोकलतोस ना, त्याला वाटलं असंल ह्याची एकच दोनाच्या बरोबर हाय."

वाल्मिकराव उठून आत आले. त्यांनी पहिल्या संगणकावरच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या, पुन्हा वाचल्या. "लिहिलंय बरोबर," ते सावकाश म्हणाले. "मग मोजणी का चुकते?" त्यांनी घड्याळ पाहिले, पण या वेळी ते पाहणे जरा नावापुरतेच होते. "सांग, सरस्वती."

आणि सरस्वती म्हणाली, "मला माहीत नाही, सर."

मी अनेक शिक्षक पाहिले आहेत, आणि हे वाक्य टाळण्यासाठी ते काय काय करतात तेही पाहिले आहे. तिने ते सरळ उच्चारले, ज्या माणसाच्या हातात तिचा वर्ग होता त्याच्याच समोर. तिचा चेहरा उतरला होता हे खरे. पण पुढचे वाक्यही तिनेच उच्चारले.

"मला माहीत नाही. पण सर्व्हरला माहीत असणार. हाका त्याने ऐकल्यात. आपण त्याला विचारू."

"कसं विचारणार?"

"सायनाथदादा, मोजणीच्या वर एक ओळ घाला. हाक आली की ती काय मागते आहे ते या काळ्या चौकटीत लिही, म्हणावं. प्रत्येक हाकेला. गुरुजी, तुम्ही चौथ्या संगणकावर बसा. त्याला अजून कुणी हात लावलेला नाही."

मी जाऊन बसलो. बाकी सगळे पहिल्या संगणकाच्या काळ्या चौकटीभोवती गोळा झाले. वाल्मिकरावही तिथेच, गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले. कार्यक्रम पुन्हा चालू झाला. मी पत्ता घातला, प्रत्येक ठिपका तपासला, आणि बटण दाबले.

"आली," सायनाथ म्हणाला. "नुसती एक तिरपी रेघ."

"तिरपी रेघ म्हणजे पहिलं पान. गुरुजींनी तेच मागितलंय. गुरुजी, पुन्हा."

मी पुन्हा दाबले. "आली. तिरपी रेघ." माझ्या पडद्यावर ओ उमटला. मी हात मांडीवर ठेवले.

"आली," सायनाथ म्हणाला.

"काय आली?" मी विचारले.

"हाक. तिसरी."

"मी काहीही दाबलेले नाही. माझे दोन्ही हात मांडीवर आहेत. येऊन पाहावे."

कुणी आले नाही. सगळे त्या चौकटीकडे बघत होते. भागीरथीबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "मी काय सांगत व्हते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी काय सांगत व्हते तुमाला."

मी कबूल करतो की त्या भरदुपारी, माझ्या स्वतःच्या घराला लागून असलेल्या खोलीत, माझ्या मानेवर काटा आला. भूतपिशाच्च न मानण्याची माझी कारणे त्या वेळी मला क्रमवार आठवली नसती.

सरस्वती मात्र चौकटीवर वाकून वाचत होती. "ही नुसती तिरपी रेघ नाही," ती म्हणाली. "पुढे नाव आहे. फॅव्हिकॉन." आणि एकाएकी ती हसू लागली, भीती ओसरली की माणूस हसतो तसे. "हे भूत नाही, ताई. हा ब्राउझर आहे. पानाच्या पत्त्याच्या शेजारी एक छोटं चित्र असतं बघा, प्रत्येक साइटचं वेगळं? ते चित्र मागतोय. आपण पान मागितलं, आणि हा आपल्याला न विचारता, मागाहून स्वतःची एक हाक मारतोय."

"म्हणजे भागीरथीताईंच्या कम्प्युटरनं पण मारली असंल," सायनाथ म्हणाला. "त्यांना ओ मिळाल्यावर, गुपचूप."

"मारलीच. ती झाली पहिली, आणि सर्व्हर गप्प बसला. आणि मग तुमची आली, ती त्याच्या हिशेबी दुसरी."

"तरीच. शेअरच्या रिक्षात असंच व्हतं. आपण म्हणतो गिऱ्हाईक एक, आन् त्याच्या मागनं त्याचं पोरगं चढून बसतं."

वाल्मिकराव सरळ उभे राहिले. "थांब," ते म्हणाले. "सकाळचा जो पहिला सर्व्हर होता, त्यालाही ही हाक आली असणार?"

"आली असणार, सर. पण तो सगळ्यांनाच ओ देत होता. त्यालाही दिला असेल. म्हणून आपल्याला दिसलं नाही."

"म्हणजे या बाईंनी पहिल्या हाकेला ओ देऊ नका म्हटलं नसतं, तर हे आपल्याला कधी कळलंच नसतं."

"आज तरी नसतं."

भागीरथीबाईंनी पदर पुन्हा नीट केला, आणि खोलीतल्या सगळ्यांत उंच व्यक्ती आपणच आहोत अशा तऱ्हेने त्या खुर्चीवर बसल्या.

आता इलाज करायचा होता. हाक पहिल्या पानासाठी नसेल, तर ती मोजायची नाही, हे सगळ्यांना मान्य झाले. मग तिला उत्तर काय द्यायचे यावर मतभेद झाला. भागीरथीबाईंचे म्हणणे, असल्याशी बोलूच नये. सरस्वती म्हणाली, "नाही, ताई. नाही असं स्पष्ट सांगायचं. गप्प बसलो तर तो ताटकळत राहील, आणि आपलं दारही उगाच अडून राहील." त्यासाठी ठरलेला एक आकडा आहे, चारशे चार, मागितलेली वस्तू आमच्याकडे नाही, असा त्याचा अर्थ. तो पाठवायचा आणि बोलणे संपवायचे.

सायनाथने ही ओळ मोजणीच्या खाली घातली. मी त्याला थांबवले.

"ही वर हवी."

"वर काय न् खाली काय गुरुजी, ओळ तीच."

"ओळ तीच, पण क्रम तो नव्हे. खाली घातलीस तर आकडा आधी वाढेल आणि मग तू म्हणशील की ही हाक मोजायची नाही. जेवण वाढून झाल्यावर पाहुण्याला, तुम्हाला आमंत्रण नव्हते, असे सांगण्यासारखे आहे ते."

सायनाथने पडद्याकडे पाहिले, ओठ हलवत आकडे मनात वाढवून पाहिले. "च्यायला, हो," तो म्हणाला आणि ओळ वर नेली.

वाल्मिकरावांनी आपला लॅपटॉप काढला, तार जोडली आणि स्वतः हाक मारली. पान कोरे. दुसऱ्या हाकेला ओ. काळ्या चौकटीत पाठोपाठ ती तिसरी ओळ उमटली, चोरपावलांनी येणाऱ्या त्या चित्राच्या हाकेची. मग सायनाथ आपल्या जागेवर जाऊन बसला आणि त्याने बटण दाबले. त्याचे पान कोरे राहिले.

"नाय देत मला," तो आनंदाने म्हणाला. इतक्या आनंदाने नकार स्वीकारणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्याने पुन्हा हाक मारली, आणि ओ आला.

सरस्वतीने वाल्मिकरावांकडे पाहिले. ते लॅपटॉप मिटत होते.

"अर्धं झालं," ते म्हणाले.

"अर्धं?"

"सर्व्हर चालला. पण तू सांगत होतीस आणि हे लिहीत होते. यांना समजलं की नुसती बोटं चालली, ते मला कसं कळणार? मला वर्ग चालवायचा आहे, टायपिंगचं दुकान नाही. तू जरा बाहेर थांब."

ती बाहेर गेली. खिडकीतून ती अंगणात उभी राहिलेली दिसत होती, शेतांकडे तोंड करून. भात कापून झालेल्या खाचरांत धसकटे उभी होती. तिचे हात पुन्हा पाठीमागे बांधलेले होते.

वाल्मिकराव आमच्याकडे वळले. "भागीरथीबाई, दुकानात आलेलं गिऱ्हाईक दोनदा हाक मारत नाही. पहिल्या हाकेला ओ मिळाला नाही तर ते शेजारच्या दुकानात जातं. मला हा सर्व्हर पहिल्याच हाकेला ओ देणारा हवा. काय बदलाल?"

भागीरथीबाई उठल्या, पहिल्या संगणकापाशी गेल्या आणि पडद्यावर बोट टेकवले. "हितं दोन लिवलाय ना, त्याचा एक कराचा. मंग कुणी पन एकदा बोलवला की देईल ओ."

"करा मग."

"मी नाय करनार."

"का?"

"चांगला शाना झालाय तो. त्याला कशाला बिघडवू?"

वाल्मिकरावांच्या मिशीखाली काहीतरी हलले. ते सायनाथकडे वळले. "ती चित्रवाली ओळ परत मोजणीखाली नेली तर काय होईल?"

"काय व्हनार? ताईंनी दोन हाका मारल्या, ओ मिळाला, मागनं चित्रानं एक मारली, ती मोजली जानार. मंग मी एकदा मारली की मला फुकटात ओ." त्याने माझ्याकडे पाहिले. "आन् गुरुजी मला परत रांगंत उभा करनार."

"गुरुजी, तुम्हाला काही विचारायचं नाही," वाल्मिकराव मला म्हणाले. "तुम्ही उत्तराबरोबर वाद घालाल."

"तरी मला एक सांगायचे आहे," मी म्हणालो. "गिऱ्हाइकाचा आपण दिलेला दाखला येथे लागू नाही. दुकानदाराला गिऱ्हाईक दिसते. या यंत्राला..."

तेवढ्यात वीज गेली. चारही पडदे एकदम काळे झाले, पंख्याची पाती मंदावत थांबली आणि खोलीत तुसाचा वास पुन्हा जाणवू लागला. माझे वाक्य अर्धेच राहिले. ते पुढे आठवडाभरात वाल्मिकरावांना मी तीन वेळा पूर्ण करून ऐकवले, पण तो भाग वेगळा.

वाल्मिकरावांनी खिशात हात घातला आणि खोलीची किल्ली बाहेर काढली. ते दारात गेले.

"सरस्वती," त्यांनी हाक मारली.

ती तशीच उभी होती, खाचरांकडे तोंड करून. तिने ऐकले होते. खांदे किंचित ताठ झाले ते आम्हा सर्वांना दिसले. पण ती वळली नाही, आणि तिने ओ दिला नाही.

वाल्मिकराव गोंधळून आमच्याकडे पाहू लागले. सायनाथने तोंडावर हात दाबून धरला होता. भागीरथीबाई खुर्चीतून, अंगणवाडीतल्या पोराला समजवावे तशा मऊ आवाजात म्हणाल्या, "परत मारा, सर."

त्यांनी हातातल्या किल्लीकडे पाहिले, मग अंगणातल्या त्या पाठमोऱ्या मुलीकडे. आणि घसा साफ करून त्यांनी, आता जरा मोठ्याने, पुन्हा हाक मारली.

"सरस्वती."

"ओ, सर," ती म्हणाली, आणि वळली.